पचमढी: तीन रात्री, सासूबाईंचे गुडघे आणि चौरागडचा त्रिशूळ. मदत करा!

रेवती_खामला | 14 नोव्हेंबर, रात्री 9:12

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पचमढीला जाणार आहोत आम्ही. नागपूरहून आपल्याच गाडीनं, तीन रात्री. माणसं पाच: आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक, सासूबाई (वय 68, उजवा गुडघा कुरकुरतो) आणि चुलत सासरे. त्यांना वेळेवर चहा आणि पेपर मिळाला की झाली सुट्टी.

खरी अडचण वेगळीच आहे. सासरे तरुणपणी पोह्यासोबत, म्हणजे यात्रेच्या जथ्यासोबत, पचमढीच्या महादेवाला जायचे. "पोराला नोकरी लागली की चौरागडला त्रिशूळ वाहीन" असा नवस ते कधीतरी बोलून बसले होते. (चौरागड म्हणजे तिथलाच महादेवाचा डोंगर.) पोराला म्हणजे आमच्या ह्यांना नोकरी लागून अठरा वर्षं झाली, सासऱ्यांना जाऊन चार. त्रिशूळ राहिला तो राहिलाच. आता सासूबाई म्हणतात, मी वाहते. लेकीला धबधबा पाहिजे. ह्यांनी कुठल्याशा व्हिडिओतून 21 पॉइंटची यादी उतरवून फ्रिजवर चिकटवली आहे.

मला एवढंच सांगा: काय बघू, काय सोडू, आणि 68 वर्षांच्या बाईला चौरागड जमेल का?

पोट्टा_प्रतापनगर | रात्री 9:31

ताई, 21 पॉइंट आरामात होते. आम्ही चार पोट्टे गेलतो मागच्या वर्षी, एका दिवसात 14 केले. टेन्शन नका घेऊ.

धंतोलीचे काका | रात्री 9:58

14 पॉइंट "केले" म्हणजे त्यात पाहिलं काय, ते सांग बरं.

पोट्टा_प्रतापनगर | रात्री 10:04

फोटो आहेत ना काका. पाहायचे आहेत अजून.

सातपुडावारी | रात्री 11:20

रेवतीताई, माझी पचमढीला वीसेक वेळा तरी फेरी झाली असेल. आईला घेऊन, पोरांना घेऊन, एकदा तर नुसताच भांडण करून एकटा. म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट, ती यादी फ्रिजवरून काढा. पचमढीत पॉइंट मोजायचे नसतात, पायऱ्या मोजायच्या असतात. तिथलं जवळजवळ प्रत्येक पाणी खाली आहे आणि देव एक तर खाली नाही तर वर. नकाशात दोन किलोमीटर दिसतं, आणि त्यातले शेवटचे पाचशे मीटर उभे निघतात.

तुमच्यासाठी मी असे भाग पाडीन. गाडीतून उतरलं की समोर, असे पॉइंट म्हणजे हांडी खोह आणि प्रियदर्शिनी. हांडी खोह ही तीनेकशे फूट सरळ तुटलेली दरी आहे. कठड्याला टेकून खाली पाहिलं की पोटात गोळा येतो. गुडघ्याला काही होत नाही. प्रियदर्शिनीहून समोर चौरागड दिसतो, तो सासूबाईंना पहिल्याच दिवशी दाखवा. कशाला, ते पुढे सांगतो. बडा महादेव गावापासून दहाएक किलोमीटर. गाडी जवळपर्यंत जाते, थोडं चालणं, मग मोठी गुहा, आत वरून पाणी ठिबकत राहतं. भस्मासुराचा शेवट इथं झाला म्हणतात. शेजारीच गुप्त महादेव. ती कपार इतकी अरुंद आहे की आडवं होऊन सरकत जावं लागतं, म्हणून एका वेळी मोजकीच माणसं आत सोडतात. ज्यांना कोंडल्यासारखं होतं त्यांनी बाहेर चपला सांभाळाव्या.

जटाशंकर गावाला लागूनच आहे, पण दरीत उतरायचं आणि तेवढंच चढायचं. बी फॉलला शेकडो पायऱ्या. अप्सरा विहारला जंगलातून चालणं, आणि रजत प्रपात त्याच्याही पुढे. साडेतीनशे फुटांची चांदीची धार, पण ती लांबूनच बघायची. सासूबाईंसाठी हे सगळं सोडा. लेकीला बाबासोबत बी फॉलला पाठवा.

धूपगड मात्र कुणीच चुकवू नका. 1352 मीटर, सातपुड्याचं आणि अख्ख्या मध्य प्रदेशचं सगळ्यात उंच ठिकाण, आणि जिप्सी थेट वरपर्यंत जाते. म्हणजे सगळ्यात उंच जागा हीच सगळ्यात कमी पायऱ्यांची! सूर्यास्ताला सगळं गाव तिथं लोटतं, म्हणून तासभर आधी पोचा. डिसेंबरात सूर्य टेकला की पाचव्या मिनिटाला दात वाजायला लागतात. स्वेटर गाडीत ठेवून वर जाणारे नागपूरकर मी दर वेळी बघतो. आपल्याला थंडीचं गांभीर्य नाही.

आता गाडीचं. धूपगड, बी फॉल वगैरे जंगलातल्या ठिकाणी आपली गाडी सोडत नाहीत. वनखात्याची परवानगी आणि जिप्सी लागते, ते काम बायसन लॉजजवळ होतं. पांडव गुफा, हांडी खोह, महादेव, जटाशंकर इथं आपली गाडी चालते. जिप्सीवाल्याला सकाळीच ठणकावून सांगा: तीन ठिकाणं, घाई नाही. नाही तर तो "साहब, नौ पॉइंट" म्हणत प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं देऊन हाकत नेतो. आम्हाला एकदा असा भेटला होता. आई चप्पल घालेपर्यंत पुढच्या पॉइंटचा हॉर्न!

चौरागडचं उद्या लिहितो, झोप आली.

चिखलदराप्रेमी | 15 नोव्हेंबर, सकाळी 7:40

सुरुवातीलाच विघ्न आणतो, माफ करा. दर वेळी पचमढीच काहून? आपल्या विदर्भाचं स्वतःचं थंड हवेचं ठिकाण आहे ना बाप्पा! अमरावती, परतवाडा आणि वर घाट. भीमानं कीचकाला मारून दरीत फेकलं तो कीचकदरा, त्याचा चिखलदरा झाला अशी कथा आहे. वर कॉफीचे मळे आहेत. महाराष्ट्रात कॉफी म्हटलं की चिखलदराच. खाली मेळघाट, देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. आणि गाविलगड! नागपूरकर भोसल्यांचा किल्ला असून किती नागपूरकरांनी पाहिलाय, हात वर करा. 15 डिसेंबर 1803 ला वेलस्लीनं तो घेतला, तोच वेलस्ली ज्यानं पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. त्यात कटक गेलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडही गेला. एवढा इतिहास सोडून लोक मॅगी खायला परराज्यात जाऊन राहिले.

पोट्टा_प्रतापनगर | सकाळी 8:02

गेलतो भौ ऑगस्टमध्ये. इतकं धुकं होतं की शेजारचा मित्र दिसे ना, गाविलगड तर सोडाच. देवी पॉइंटवर भुट्टा खाल्ला अन् वापस.

चिखलदराप्रेमी | सकाळी 8:10

धुकं बघायलाच जातात ऑगस्टमध्ये! गाविलगड हिवाळ्यात करायचा. अख्खा दिवस द्यायचा आणि पाणी सोबत न्यायचं.

धंतोलीचे काका | सकाळी 10:25

चिखलदराप्रेमी, तुमचं सगळं कबूल. पण पचमढीला "परराज्य" म्हटलेलं आमच्या पिढीला जरा खुपतं. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला तेव्हा राजधानी नागपूर, आणि उन्हाळा लागला की सरकारचं बिऱ्हाड पचमढीला. ज्यानं नागपूरचा मे महिना बघितलाय त्याला यामागचं कारण समजावून सांगायला नको. कॅप्टन फोर्सिथनं बांधलेला बायसन लॉज 1862 चा. आज तिथं वनखात्याचं संग्रहालय आहे. स्वातंत्र्यानंतरही 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी आपलंच गाव. 1 नोव्हेंबर 1956 ला राजधानी भोपाळला गेली, आपण मुंबई राज्यात गेलो, आणि पचमढी सीमेच्या पलीकडे राहिली. माझे आजोबा सचिवालयात कारकून होते. घरात एक मोठी पत्र्याची पेटी होती. तिला सगळे "पचमढीची पेटी" म्हणायचे. आज तिच्यात गाद्या आहेत.

रेवतीबाई, तुमच्या चुलत सासऱ्यांना चर्च दाखवा. क्राइस्ट चर्च, 1875 चं. सकाळच्या उन्हात रंगीत काचांतून आत जो उजेड पडतो, तो बाकावर बसून बघण्यासारखा. पेपरही तिथेच वाचू देत. आणि राजेंद्रगिरी. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांचा मुक्काम पचमढीला व्हायचा, त्यांच्यावरून ते नाव.

रेवती_खामला | सकाळी 11:15

काका, पेटीचं वाचून सासूबाई हसल्या. त्यांच्या माहेरीही अशीच एक होती म्हणे, तिचं नाव मात्र "रंगूनची पेटी".

चिखलदराला पुढच्या वर्षी नक्की. पण नवस पचमढीचा आहे हो, तो परतवाड्याला कसा वळवू?

काटोलकर | दुपारी 1:47

ताई, नवसाचं मी सांगतो. आमच्या घरी तीन पिढ्यांपासून महादेव आहे.

नवीन पोरांसाठी आधी एक: पोहा म्हणजे तर्रीवाला नव्हे. महादेवाला निघालेला जथा म्हणजे पोहा, त्याचा म्होरक्या भगत. महाशिवरात्रीला चौरागड, आणि नागपंचमीला नागद्वार. नागद्वारचा रस्ता वर्षभर बंद असतो, नागपंचमीच्या आसपासच थोडे दिवस उघडतो. भर पावसात डोंगरामागून डोंगर. आपल्याकडून एस्टीच्या जादा गाड्या सुटतात, आणि वाटेत जेवण, चहा देणारी मंडळं बघाल तर निम्मी नागपूर-विदर्भाची. जंगलात मधोमध "या माउली, जेवून घ्या" ऐकू आलं की समजायचं, आपलेच आहेत. त्या दिवसांत नुसतं फिरायला पचमढीला जाऊ नये. खोली मिळत नाही आणि मिळाली तर परवडत नाही.

आता चौरागड. बडा महादेवच्या बाजूनं वाट निघते. आधी चढ-उतार, मग तेराशेच्या आसपास पायऱ्या. वर गेलं की जिकडे तिकडे त्रिशूळच त्रिशूळ. बोटाएवढे, पुरुषभर उंचीचे, अन् काही इतके जड की चार माणसं खांद्यावर घेऊन चढतात. माझ्या आज्यानं नेलेला आता सापडणार नाही. पण मी दर वेळी शोधतो.

सासूबाईंचं म्हणाल तर, म्हाताऱ्या बाया चढतात हो. सत्तरीच्या, अनवाणी. पण त्या जन्मभर शेतात वाकलेल्या असतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बाईनं त्यांच्याकडे पाहून जोश धरू नये.

डॉ_सोनेगाव | दुपारी 3:30

काटोलकरांचं शेवटचं वाक्य मी दवाखान्यात फ्रेम करून लावणार आहे.

रेवती, माझं ऐक. लोकांना वाटतं चढणं कठीण, उतरणं सोपं. दमायला होतं ते चढताना, पण गुडघ्याच्या वाटीवर जास्त भार येतो तो उतरताना. म्हणजे माणूस जोशात वर जातो आणि फसतो परतीच्या वाटेवर, जिथं गाडी पोचत नाही. कुरकुरणाऱ्या गुडघ्याला तेराशे पायऱ्या वर आणि तेवढ्याच खाली, मी "हो" म्हणणार नाही. जायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना दाखव, काठी घे (उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, सगळे उलटी धरतात), आणि "जमेल तेवढं चढू, मग बसू" हे घरीच ठरवून निघा. तिथं पायथ्याशी ठरवायला गेलं की भावना आड येतात.

सातपुडावारी | रात्री 9:05

डॉक्टरताईंनी माझं काम सोपं केलं. पहिल्या दिवशी प्रियदर्शिनीहून चौरागड दाखवा म्हणालो ते याचसाठी. समोर तो सुळका उभा दिसला की माणूस आपल्या गुडघ्याशी स्वतःच बोलणी करतो. आपल्याला काही सांगावं लागत नाही.

रस्त्याचं उरलंच. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली, पचमढी. अडीचशेच्या आतबाहेर किलोमीटर, थांबत गेलं तर सहा तास धरा. सौंसरजवळ जामसावळीचा निजलेला मारुती आहे, सासूबाईंना आवडेल. सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात दुकानदार आपल्याशी सरळ मराठीत बोलतो, हिंदीची तयारी छिंदवाड्यानंतर करा. सिल्लेवानीच्या घाटात वळणं आहेत. लेकीला गाडी लागत असेल तर तर्री-पोहा निघताना नको, घाट उतरल्यावर... म्हणजे येताना. तामियाला विश्रामगृहाच्या मागून दरी दिसते, दहा मिनिटं थांबाच. तिथून पातालकोट जवळ आहे, भारिया आदिवासींची खोल दरीतली गावं, पण ते घाईघाईत उरकायचं ठिकाण नव्हे, या खेपेला सोडा. मटकुलीनंतर घाट. अंधार पडायच्या आत वर पोचा.

रेल्वेनं जाणाऱ्यांसाठी: इटारसीला गाडी बदला, पिपरियाला उतरा, पुढे पन्नासेक किलोमीटर बस किंवा जीप. सामान आणि म्हातारी माणसं असतील तर आपली गाडीच बरी.

गोधनीची_गृहिणी | रात्री 9:40

माकडांचं कुणी सांगितलंच नाही! माझी सांबारवडीची अख्खी पिशवी गेली जटाशंकरला. पायरीवर बसून, माझ्याकडे बघत बघत खाल्ली मेल्यानं. हातात पिशवी दिसू देऊ नका, पाठीवरची सॅक घ्या.

रेवती_खामला | रात्री 10:30

सगळ्यांचे खूप खूप आभार. यादी फ्रिजवरून निघाली आहे. हे रुसले आहेत.

रेवती_खामला | 11 डिसेंबर, रात्री 8:50

आलो बाप्पा परत! सांगितल्याप्रमाणे वृत्तान्त देते. मोठा आहे, चहा घेऊन बसा.

सकाळी साडेपाचला निघालो. जामसावळीला दर्शन, तामियाला दरी, आणि तीनच्या सुमारास वर. हॉटेलचं नाव लिहीत नाही, पण "चोवीस तास गरम पाणी" याचा तिथला अर्थ सकाळी सात ते आठ असा निघाला. सातपुडावारी भाऊ, थंडीचं तुमचं म्हणणं शब्दशः खरं. आमच्या ह्यांनी स्वेटर गाडीतच ठेवलं होतं, आणि गाडी खाली होती. धूपगडावर ते माझ्या शालीत होते. तसा फोटोही आहे.

पहिल्या संध्याकाळी प्रियदर्शिनी. उन्हं कलली होती, समोर चौरागड. सासूबाई कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिल्या. मी मनात म्हटलं, आता होतील बोलणी. त्या एवढंच म्हणाल्या, "हे दर वर्षी एवढं चढायचे, आणि घरी आले की मला म्हणायचे पाय दाब." पुढे काही नाही. आम्ही हांडी खोह पण केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जिप्सी. लेक आणि हे बी फॉलला उतरले. मी आणि सासूबाई वरच थांबून चारोळी विकणाऱ्या बाईशी गप्पा मारत बसलो. ती गोंड होती, तिचं हिंदी आणि सासूबाईंची नागपुरी हिंदी, दोघींचं इतकं जमलं की पाव किलोची अर्धा किलो झाली. लेक वर आली ती ओलीचिंब आणि भुकेली. ते पाणी गावाला प्यायला जातं म्हणे, तिनं तिथंच ओंजळीनं पिऊनही घेतलं. (डॉक्टरताई, रागवू नका. काही झालं नाही.) चुलत सासरे त्या वेळी चर्चमध्ये होते. संध्याकाळी आम्हाला म्हणाले, "उद्याही मला तिथंच सोडा." काका, तुमचा नेम अचूक बसला.

तिसरा दिवस महादेव. गुहेत दर्शन झालं. गुप्त महादेवला सासूबाई आडव्या सरकत अशा गेल्या, की मागचा तरुण मुलगा अडकला, त्या नाही. मग चौरागडची वाट. डॉक्टरताई, घरीच ठरलं होतं, जमेल तेवढं. काठी डाव्या हातात. त्रिशूळ इतवारीतून घेतलेला, हातभर लांब, पिवळ्या फडक्यात. सुरुवातीचा चढ त्या चढल्या, एका लिंबूपाण्याच्या दुकानापाशी बसल्या, पायऱ्यांकडे पाहिलं, आणि त्रिशूळ ह्यांच्या हातात दिला. म्हणाल्या, "बोलणं तुझ्यासाठीच होतं ना, मग तूच ने."

आमचे हे देवळात चपलांजवळ उभे राहणारे गृहस्थ आहेत. काही बोलले नाहीत. लेकीनं आपला निळा हेअरबँड त्रिशुळाला गुंडाळला, "म्हणजे आपला ओळखू येईल," आणि दोघं निघाले.

साडेतीन तास लागले. आम्ही दोघींनी चार लिंबूपाणी, एक कणीस आणि दुकानदाराच्या सुनेचं सगळं गाऱ्हाणं संपवलं. येणारेजाणारे "हर हर महादेव" म्हणायचे, सासूबाई प्रत्येकाला उत्तर द्यायच्या आणि विचारायच्या, वर गर्दी आहे का, एक निळा शर्ट आणि छोटी पोरगी दिसली का? काटोलचे दोघे भेटले, त्यांनी नक्की दिसली म्हणून सांगितलं. (काटोलकर, तुमच्यापैकी होते का हो कुणी?)

खाली आल्यावर सासूबाईंनी मोबाइल मागितला, कुठे ठेवला ते दाखव म्हणून. तर ह्यांनी वर एकही फोटो काढलेला नव्हता! 21 पॉइंटवाला माणूस. म्हणे, लक्षातच नाही आलं. सासूबाईंचं तोंड पडलं. मग लेकीनं दुकानदाराकडून बिलाचा कागद मागून घेतला आणि चित्र काढलं: नुसते त्रिशूळ, शेकडो, आणि कोपऱ्यात एकाला निळा फासा. निळा नव्हताच, पेन काळं होतं, पण बाण काढून "निळा" असं लिहिलं. तो कागद आता देवघरात आहे.

गुडघा ठीक आहे. दोन दिवस शेकला.

काटोलकर | 11 डिसेंबर, रात्री 9:20

आमच्यापैकी नव्हते ताई. पण मार्चच्या आत जाणं झालं तर निळा हेअरबँड शोधतो. वर वानरं लय आहेत, राहिला असेल तर नशीब.

डॉ_सोनेगाव | रात्री 9:33

ओंजळीचं वाचलं. पुढच्या वेळी बाटली.

चिखलदराप्रेमी | रात्री 9:41

पुढच्या वर्षी गाविलगड. लिहून ठेवलंय.

पोट्टा_प्रतापनगर | रात्री 10:02

ते सगळं बराबर आहे ताई, पण टोटल पॉइंट किती झाले?

रेवती_खामला | रात्री 10:06

मोजून सहा. तुझे फोटो पाहून झाले का?